कलम, कचेरी आणि खिशातला चाकू



आजचा विषय जरा लहान आहे, अगदी तीन इंचांचा म्हणा. इतिहासाच्या व्याख्यानात आपल्याकडे तलवार येते, भाला येतो, तोफ येते. चंदगडात तर येणारच. पारगड आपल्या तालुक्यात आहे, तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा तिथले किल्लेदार होते, आणि मालुसऱ्यांच्या घराण्यात जपलेल्या तलवारीची गोष्ट इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण ज्या हत्यारानं शेकडो वर्षं राज्यकारभार चालवला, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. ते हत्यार म्हणजे कारकुनाचा छोटा चाकू.

या विषयाकडे आपण एका साध्या प्रश्नातून येऊ. तहसील कचेरीत, बँकेत, शाळेत किंवा काजूच्या कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करणाऱ्या माणसानं खिशात घडीचा छोटा चाकू ठेवावा का? ठेवायचा तर कसला? पार्सलची सुतळी कापायची असते, खोक्यावरचा सेलोटेप काढायचा असतो, डब्यातला पेरू चिरायचा असतो. गरज अगदी साधी. तरीही शेजारच्या टेबलावरच्या बाईंसमोर चाकू उघडताना हात जरा अडखळतो. हा संकोच कुठून आला, याला एक इतिहास आहे. तो कळला की निवड आपोआप सोपी होते, असं आम्हाला वाटतं.

सुरुवात एका शब्दापासून करू. शब्द आहे 'कलम'. लिहायचं ते कलम. झाडाला बांधायचं ते कलम. कायद्याचं असतं तेही कलम. आणि जुन्या बखरी वाचणाऱ्यांना चौथा अर्थही माहीत आहे, शिर कलम करणं. गंमत बघा, खिशातल्या चाकूचा सगळा इतिहास या एका शब्दात बसतो.

आधी लिहिण्याचं कलम घेऊ. मोडी लिपीतले कागद आपण पाहिलेले असतात. घरोघरी जुन्या पेटीत एखादा तरी असतोच. हे कागद बोरूनं लिहिलेले. बोरू म्हणजे वेताच्या जातीची पोकळ काडी. तिचं टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शाईत बुडवून लिहायचं. अक्षराची जाडी-बारीकी या तिरक्या छाटावर ठरते. पण काडी ती काडीच. चार-सहा पानं लिहिली की टोक मऊ पडतं, अक्षर फुगायला लागतं. मग पुन्हा छाटायचं. म्हणजे लिहिणाऱ्याला चाकू दिवसातून कितीतरी वेळा लागणार.

या चाकूला स्वतंत्र नाव होतं, 'कलमतराश'. फारसी शब्द आहे, अर्थ कलम तासणारा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ सालची आणि दुसरी १८५७ची. त्या काळच्या मराठीत हा शब्द चांगला रुळलेला होता. स्वतः 'चाकू' हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला. 'दफ्तर' आणि 'कारकून' हेही त्याच वाटेनं आले. म्हणजे कचेरी आणि चाकू एकाच दारातून आत आले.

हा चाकू कुठे असायचा? कलमदानात. दौत, बोरू, वाळूची डबी आणि कलमतराश, असा तो संसार. खिशात का नाही? कारण खिसाच नव्हता. बाराबंदीला, धोतराला खिसा कसला? पैसे कनवटीला, पान-सुपारी चंचीत. त्या चंचीत अडकित्ता असायचा. आपल्या आजोबा-पणजोबांचं रोज जवळ बाळगायचं पोलादी हत्यार कोणतं म्हणाल, तर तो अडकित्ता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे नमुने बघा, माणसानं त्यावर किती जीव लावला होता ते कळतं. चाकू खिशात आला तो कोट आणि खिशाची बंडी अंगावर आल्यावर. 'खिसा' हाही अरबी-फारसीतलाच शब्द, पिशवी या अर्थाचा.

युरोपात काय होतं? तिथे पिसाची लेखणी होती. लॅटिनमध्ये 'पेन्ना' म्हणजे पीस, त्यावरून 'पेन', आणि ते तासणारा तो 'पेननाइफ'. आजही इंग्रजीत छोट्या घडीच्या चाकूला हेच नाव आहे, पीस तासून कुणी लिहीत नसलं तरी. तिकडे चाकूला आणखी एक काम होतं, चुकलेलं अक्षर खरवडून काढायचं. आपल्या पोथ्यांमध्ये मात्र चूक झाकायला पिवळा हरताळ लावत. 'हरताळ फासणं' हा वाक्प्रचार तिथूनच आला. म्हणजे आपल्याकडे चूक झाकायला हरताळ आणि कलम तासायला चाकू, अशी कामाची वाटणी होती.

घडीचा चाकू ही कल्पना मात्र फार जुनी. रोमन काळातले दुमडते चाकू सापडले आहेत. त्यांचा मोठा व्यापार पुढे इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरानं केला. तिथल्या चाकू-कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्यानं स्थापन झाला. याच शहरात १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं. आपल्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात त्या शोधाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता आपल्या तालुक्याकडे या. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातून चंदगड तालुका वगळला आणि तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. त्याआधी आपली जिल्ह्याची कचेरी बेळगावला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. आपण संस्थानात नव्हतो, मुंबई इलाख्यात होतो. इलाख्यात वतनं रद्द करणारा कायदा १९५०चा. म्हणजे शेजारच्या गडहिंग्लजला तलाठी आल्यानंतरही आपल्याकडे तीसेक वर्षं वतनदार कुलकर्ण्याचं दफ्तर होतं. मोडीही त्याच सुमारापर्यंत टिकली.

बोरू मात्र आधीच मागे पडत चालला होता. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये १८२०-३०च्या दशकांत पोलादी निबा यंत्रावर निघायला लागल्या. निब तासावी लागत नाही, झिजली की फेकायची. मग टाक आला, फाउंटन पेन आलं, बॉलपेन आलं. पेन्सिलीला गिरमिट आलं, नाहीतर दाढीचं जुनं ब्लेड होतंच. अशा रीतीनं कचेरीतल्या चाकूचं मूळ काम गेलं. तो बेकार झाला. आणि बेकार हत्याराकडे समाज संशयानंच बघतो. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. चाकूचं पातं तेच राहिलं, पण काम सुटल्यावर त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. जपानमध्ये १८९०च्या दशकात 'हिगोनोकामी' नावाचा साधा घडीचा चाकू निघाला. पितळेच्या किंवा लोखंडी पत्र्याची मूठ, आत पातं, बस्स. शाळकरी पोरं त्यानं पेन्सिली तासत. १२ ऑक्टोबर १९६० रोजी तोकियोत भर सभेत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या एका मुलानं पात्यानं भोसकून हत्या केली. ते हत्यार छोटी तलवार होतं, हिगोनोकामी नव्हे. पण त्यानंतर मुलांच्या हाती पाती देऊ नका अशी चळवळ देशभर पसरली, आणि पेन्सिल तासायचा गरीब चाकू शाळेतून हद्दपार झाला. पेन्सिलीला टोक करणारी यंत्रं तोवर आलीच होती. काम हातचं गेलं होतं, म्हणून बाजू मांडायला कुणी उरलं नाही.

आता कायद्याच्या कलमाकडे येऊ. हत्यारांविषयी सरकारचा संशय आपल्या भागानं फार जवळून पाहिला आहे. १८४४ साली गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केलं. ते मोडल्यावर गडकऱ्यांची व्यवस्थाच संपवण्यात आली. पुढे १८५७ साली हत्यारांवर परवाना आला. आपल्या घटप्रभेच्या काठाकाठानं खाली गेलं की मुधोळ लागतं. त्याच्याजवळच्या हलगली गावातल्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. फौज आली, गाव जाळलं, कित्येकांना फाशी दिलं. त्यानंतर १८७८चा हत्यार कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणं गुन्हा झाला. शेतकऱ्याचा कोयता आणि शिपायाची तलवार यांच्यामध्ये कुठेतरी रेघ ओढायची, ही सरकारची डोकेदुखी तेव्हापासूनची.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा १९५९चा. त्यात शस्त्राची व्याख्या हेतूवर उभी आहे. हल्ला किंवा बचाव यासाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र नाही. १९६२च्या नियमांनी माप दिलं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे परवान्याच्या यादीत गेले. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठीची पाती त्यातून वगळली. २०१६च्या नव्या नियमांतही हेच माप राहिलं.

इथे बरेच जण फसतात. 'नऊ इंचांच्या आत आहे ना, मग काही नाही!' असं म्हणतात. थांबा. आपल्या राज्यात १९५१चा पोलीस कायदाही आहे. पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३७खाली जिल्हादंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात. सण, निवडणूक, आंदोलन असलं की पेपरात ती बातमी येते. त्या आदेशात तलवार-भाल्यांबरोबर सुरे आणि काठ्याही येतात, आणि इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. तिथे इंचाचं माप नाही. म्हणजे परवाना लागत नाही म्हणून कधीही, कुठेही चालेल, असं होत नाही. शिवाय आपला रस्ता बेळगावला जातो. सीमा ओलांडली की कर्नाटकाचा वेगळा पोलीस कायदा, वेगळा आदेश. एक नोव्हेंबरच्या आसपास तिकडे बंदोबस्त कसा असतो, हे चंदगडकराला सांगायची गरज नाही.

काही ठिकाणी कायद्यानं स्पष्ट आकडा दिला आहे. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेनं बटणाचे आणि खटक्याचे चाकू पकडले. पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल, तर ते सार्वजनिक जागी बाळगायला मनाई. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यातही तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सूट आहे, पण पातं खटक्यानं घट्ट अडकणारं असेल तर ती सूट नाही. दोन देश, दोन कायदे, आणि माप एकच. अंगठ्याच्या जोरावर उघडणारं आणि पुन्हा मिटवता येणारं छोटं पातं, इथवर समाजाचा विश्वास पोचतो.

खटक्याला एवढं का भ्यायचं? याचं उत्तर रामपूर आणि सिनेमा. उत्तर प्रदेशातलं रामपूर हे नवाबांचं संस्थान. तिथले कारागीर खटक्याचे सुंदर चाकू करत. हिंदी सिनेमानं तो चाकू उचलला आणि खलनायकाच्या हातात दिला. त्याचा तो उघडतानाचा आवाज सगळ्या देशाच्या कानात बसला. १९९०च्या दशकात तिथल्या सरकारनं साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आणली, आणि कारागिरांचा धंदा बसला. पुढे २०२३ साली रामपुरात चौकात भला मोठा चाकू उभारून त्याचं स्मारक केलं. कारागिरी स्मारकात गेली, बदनामी मात्र गल्लोगल्ली राहिली.

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या भीषण घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेनं स्त्रियांना छोटे चाकू वाटले. पर्समध्ये ठेवा, स्वतःचं रक्षण करा, म्हणून. त्यामागची भीती खरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण इतिहासाच्या दृष्टीनं काय घडलं ते बघा. तीच छोटी वस्तू, जी कधीकाळी कलम तासायची, ती आता अधिकृतपणे बचावाचं शस्त्र म्हणून पर्समध्ये आली. आणि कायद्याची व्याख्या आठवा, हल्ला किंवा बचाव. 'स्वसंरक्षणासाठी ठेवलाय' हे वाक्य आपल्याला भाबडं वाटतं, पण ते बोलताच आपण अवजाराचं शस्त्र करतो. स्त्रीला सुरक्षित घरी पोचवण्याची जबाबदारी रस्त्यावरच्या दिव्याची, बसची, पोलिसाची. ती तीन इंचांच्या पात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

आता झाडाचं कलम. इथे चाकूचं काम अजून शाबूत आहे. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो गोव्यात आणला, आणि आज चंदगडची ओळखच काजू झाली आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जाती, वेंगुर्ला-४ असो की वेंगुर्ला-७, बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत. कलमच बांधावं लागतं. चांगल्या झाडाची काडी आठ-दहा दिवस आधी निवडून तिची पानं छाटायची. मग कोवळ्या खुंटाला वरून तीन-चार सेंटिमीटर उभी चीर द्यायची, काडीला तेवढीच पाचर तासायची, पाचर चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. पाचर एका हातात, एका ओढीत, सपाट निघाली पाहिजे. काप फाटला तर कलम मरतं. यासाठी जो चाकू लागतो, तो घडीचा, छोटा, सरळ धारेचा असतो. रोपवाटिकेतला माणूस तो खिशातच ठेवतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. का? त्याच्या बोटांना चीक लागलेला असतो. काम दिसतं.

बोरूवाला कारकून आणि काजूवाला कलम्या, दोघांचा चाकू एकाच मापाचा. दोघांना हवी ती बारीक, स्वच्छ धार. म्हणून आम्हाला वाटतं, कचेरीसाठी चाकू निवडताना नमुना सिनेमातला घेऊ नये, रोपवाटिकेतला घ्यावा.

तर प्रत्यक्ष निवड. पातं तीन इंचांच्या आत ठेवा, पाच-सहा सेंटिमीटर असलं तरी भागतं. धार एकाच बाजूला हवी, दुधारी नको. बटणाचा, खटक्याचा, झटक्यानं उघडणारा नको. नखानं ओढून दोन हातांनी उघडणारा बरा, त्यात घाई नसते. काळी मूठ, कवटीची चित्रं, दाते काढलेलं पातं असली हौस नको. लाकडाची किंवा साध्या रंगाची मूठ घ्या. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली कारखाना काढला आणि १८९७ साली बहुउपयोगी चाकूची नोंदणी केली. त्या घराण्याचा सगळ्यांत छोटा चाकू मिटलेला ५८ मिलिमीटरचा असतो, त्यात कात्री आणि नखाची कानसही येते. कचेरीत तर निम्मं काम कात्रीनंच होतं. फ्रान्सचा ओपिनेल १८९०पासूनचा, लाकडी मुठीचा, फळं चिरायला उत्तम, पण त्याच्या मोठ्या मापांना १९५५पासून पातं अडकवायची कडी आहे, ते लक्षात ठेवा. आणि विदेशी नावच हवं असं काही नाही. बाजारातला शेतीच्या दुकानातला कलमाचा चाकू या सगळ्या अटींत बसतो. आपल्या पावसात न गंजणारं पोलाद घ्या, आणि धार ठेवा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि बोट कापतं ते जोरानंच.

राहिलं ते कुणाच्या नजरेत न येण्याचं. इथे एक फरक नीट समजून घेऊ. लहान असणं वेगळं, लपवलेलं असणं वेगळं. आपल्या भाषेत लपवलेल्या पात्याला 'गुप्ती' म्हणतात, काठीच्या पोटातली तलवार. परवान्याच्या यादीत तिचा वेगळा उल्लेख आहे, कारण सरकारला पात्याइतकीच त्याच्या दडण्याची भीती वाटते. म्हणून चाकू कमरेला किंवा मोज्यात खोचू नका. पेन, स्टेपलर, पंचिंग मशीन यांच्या शेजारी टेबलाच्या खणात त्याची जागा करा. ती त्याची जुनी जागा आहे, कलमदानातली. खिशातच न्यायचा तर प्रवासाचा दिवस बघा, मनाई आदेश आहे का बघा, कोर्टात जायचं असेल तर घरी ठेवा, विमानात जायचं असेल तर सामानाच्या बॅगेत टाका. आणि आपल्या कार्यालयाचा नियम विचारून घ्या. साहेबांना आधी सांगितलेला चाकू आणि नंतर सापडलेला चाकू, या दोन वेगळ्या वस्तू असतात.

शेवटी एकच विनंती. घरात जुनं कलमदान असेल, पणजोबांची दौत असेल, तर त्यात एखादं गंजलेलं छोटं पातं सापडतं का बघा. भंगारात घालू नका. तलवारी जपायला घराणी आहेत, या पात्याला कुणी नाही. सापडलं तर पुढच्या वेळी घेऊन या, कागदात गुंडाळून आणि पिशवीच्या तळाशी नको, वरच ठेवून.

आता प्रश्न असतील तर विचारा.